एपीए की शिकागो? बडोद्यातल्या प्रबंधासाठी आधी स्वतःचं नियमपत्रक लिहा

प्रश्न थोडक्यात असा : महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. चालू आहे. विषय जुन्या बडोदे संस्थानातलं मुलींचं शिक्षण आणि इथली मराठी कुटुंबं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे. संदर्भ देण्यासाठी मार्गदर्शक म्हणतात एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत) वापरा, चर्चासत्रात बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी शिकागो (शिकागो विद्यापीठाच्या मॅन्युअलची पद्धत) सुचवलं, आणि एका नियतकालिकाने ‘संदर्भ हार्वर्ड पद्धतीने द्या’ म्हणून लेख परत पाठवला. साधनं निम्मी मराठी-गुजराती, त्यात काही दप्तरातले कागद, काही जुने अहवाल आणि बऱ्याच मुलाखती. तर कुठलं मॅन्युअल विकत घ्यावं?

प्रबंधाचं भाषासंपादन हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. मार्गदर्शक एपीए म्हणत असतील तर एपीए. त्यावरून त्यांच्याशी वाद घालण्यात शहाणपणा नाही. पण तुमच्या अडचणी एपीए की शिकागो हे ठरवून सुटणाऱ्या नाहीत. ही सगळी मॅन्युअलं अमेरिकन ग्रंथालयात सापडणारी पुस्तकं आणि लेख डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. शके घातलेलं पत्र, पानावर फक्त ‘बडोदे’ छापलेली पुस्तिका, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आजींनी अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या गुजरातीत सांगितलेली आठवण यांबद्दल ती जवळजवळ गप्प आहेत. तिथले नियम तुम्हालाच करावे लागणार, आणि ते पहिलं प्रकरण लिहायच्या आधी केलेले बरे.

‘हार्वर्ड’चा घोळ एकदा मिटवू. हार्वर्ड नावाचं एक अधिकृत मॅन्युअल नाही. कंसात लेखक आणि वर्ष द्यायच्या पद्धतीला पडलेलं ते ढोबळ नाव आहे, आणि तिचं श्रेय सहसा हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१च्या एका निबंधाला देतात. त्यामुळे नियतकालिक ‘हार्वर्ड’ मागतं तेव्हा त्याचा अर्थ ‘आमच्या ताज्या अंकासारखं’ एवढाच घ्यायचा. अंक काढा, शेवटच्या दोन लेखांची संदर्भसूची समोर ठेवा आणि स्वल्पविरामासकट तशीच करा. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचंच बघा. तिथे मजकुरात वर्षानंतर विसर्गचिन्ह (:) आणि मग पान येतं, सूचीत कंसातल्या वर्षानंतर पुन्हा विसर्गचिन्ह. हे ना एपीएत आहे ना शिकागोत.

आता प्रत्येक मॅन्युअलचा स्वभाव, कारण त्याचा तुमच्या विषयाशी थेट संबंध आहे.

एपीएचा जन्म मानसशास्त्रातला. १९२९ साली सायकॉलॉजिकल बुलेटिनमध्ये सात पानांच्या सूचना आल्या, तिथून हे मॅन्युअल वाढत गेलं. सध्या चालते ती सातवी आवृत्ती २०१९च्या अखेरीस आली. प्रयोग, निष्कर्ष आणि ताजं संशोधन हे तिचं घर आहे. वर्ष लेखकाच्या नावाला चिकटून येतं ते त्यामुळेच, कारण मानसशास्त्रात माहिती किती ताजी आहे हे आधी कळायला हवं. ऐतिहासिक विषयात हीच सोय कधी कधी हास्यास्पद होते. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६चं. तुम्ही बघणार बहुधा महाराष्ट्र शासनाने काढलेल्या समग्र लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात, म्हणजे १९७९च्या पुस्तकात. कंसात नुसतं (आंबेडकर, १९७९) लिहिलं, तर ज्याला माहीत नाही त्याला ते आणीबाणीनंतरचं लेखन वाटेल. एपीएने यावर उपाय दिलेला आहे : (आंबेडकर, १९३६/१९७९). दोन्ही वर्षं तिरकी रेघ मारून लिहायची. फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३चं आणि तुमच्या हातात समग्र वाङ्मयाची विसाव्या शतकातली आवृत्ती, तिथेही तसंच. ज्यांच्या प्रबंधात पुनर्मुद्रणं जास्त त्यांनी हा एक नियम पाठच करावा. मी बघतो त्या हस्तलिखितांत सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट हीच.

एएसए, म्हणजे अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनची पद्धत. हिची सातवी आवृत्ती २०२२ची. इथे विभागांत ती कमी वापरतात, पण आपल्या नावांना ती जास्त मानवते, कारण सूचीत लेखकाचं पूर्ण पहिलं नाव येतं. एपीएत फक्त आद्याक्षरं. गुजरातवरच्या समाजशास्त्रात आद्याक्षरांनी काय गोंधळ होतो पाहा. ए. आर. देसाई यांचं राष्ट्रवादावरचं पुस्तक १९४८चं, आय. पी. देसाई यांचं महुव्यातल्या कुटुंबांवरचं १९६४चं, आणि १९११च्या खानेसुमारीचा बडोद्याचा खंड लिहिणारे गोविंदभाई हाथीभाई देसाई तिसरे. पुढे ए. एम. शाह आणि घनश्याम शाह ही जोडी आहेच. एपीएचा नियम असा की आडनाव एक आणि आद्याक्षरं वेगळी असतील, तर मजकुरातही दर वेळी आद्याक्षरं द्यायची : (आय. पी. देसाई, १९६४). वर्षं वेगळी असली तरीसुद्धा. हा नियम पाश्चात्त्य प्रबंधात क्वचित लागतो, तुम्हाला पानोपानी लागेल.

शिकागोची पहिली आवृत्ती १९०६ची आणि अठरावी २०२४ची. त्यात दोन पद्धती आहेत : एक तळटीप आणि ग्रंथसूचीची, दुसरी लेखक-वर्षाची. इतिहासवाले पहिलीवर जगतात, आणि त्याला कारण आहे. दप्तरातल्या कागदाला ‘लेखक’ नसतो, शीर्षक नसतं, कधी तारीखही अर्धीच असते. असला संदर्भ कंसात कोंबला की वाक्य मोडतं, तळटिपेत तो मोकळा बसतो. संग्रह, विभाग, फाइल, पान, कागद कुणाचा कुणाला, तारीख, सगळं एका टिपेत. चर्चासत्रातले प्राध्यापक बहुधा एवढंच म्हणत होते.

मग दोन्हींचा मेळ बसतो का? बसतो, पण मार्गदर्शकांची संमती घेऊन. पुस्तकं आणि लेख एपीएच्या कंसात ठेवा, अभिलेखागारातली साधनं तळटिपेत द्या, आणि प्रस्तावनेत एका परिच्छेदात हे सांगून टाका. एपीएत तळटिपांना मनाई नाही, त्या मजकुराला पूरक म्हणून चालतात. संदर्भसूची मात्र एपीएला अखंड लागते, तिचे ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ असे भाग तिला मान्य नाहीत. आपल्याकडचे परीक्षक नेमके ते भाग शोधतात. इथे मी परीक्षकांच्या बाजूचा आहे. ऐतिहासिक प्रबंधात अप्रकाशित साधनांची वेगळी यादी हवीच. ती ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली न देता परिशिष्ट म्हणून द्या, म्हणजे एपीएही शाबूत राहतं.

विकत घ्यायचंच असेल तर माझं मत ट्युरेबियनच्या बाजूने. केट ट्युरेबियन शिकागो विद्यापीठात प्रबंध तपासणाऱ्या सचिव होत्या. १९३७मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्यांनी केलेल्या पुस्तिकेचंच पुढे मोठं पुस्तक झालं, आणि त्याची नववी आवृत्ती २०१८ची आहे. शिकागोच्या दोन्ही पद्धती त्यात आहेत, आणि ते छापखान्यासाठी न लिहिता विद्यार्थ्यासाठी लिहिलेलं आहे. एपीएसाठी आख्खं मॅन्युअल घेण्याची गरज नाही, त्यांच्या संकेतस्थळावर रोजच्या वापराचे नमुने फुकट आहेत. आधी विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात चौकशी करा.

आता नियमपत्रक, म्हणजे मॅन्युअल जिथे गप्प आहे तिथे तुम्ही काय ठरवलं त्याची यादी. एक पान, फार तर दीड. माझ्याकडे प्रबंध आला की पहिली गोष्ट मी तीच मागतो, आणि बहुतेकांकडे नसते. मग पाचव्या प्रकरणात ‘गायकवाड’, सातव्यात ‘गायकवार’ आणि सूचीत जुन्या इंग्रजी कागदांतलं ‘गुइकवार’ अशी एकाच घराण्याची तीन रोमन रूपं सापडतात.

पहिला निर्णय लिप्यंतराचा. मराठी-गुजराती शीर्षकं रोमनमध्ये कशी लिहायची? उच्चारचिन्हांसह लिहायचं तर आयएसओ १५९१९ ही २००१ची पद्धत घ्या. संस्कृतवाले वापरतात ती आयएएसटी मराठीला नीट पुरत नाही, कारण तिथे ‘ळ’साठी आपण जे ठिपक्याचं अक्षर वापरू ते आधीच ऌ या स्वराला दिलेलं आहे. आयएसओने हा तंटा मिटवला आहे. पण समाजशास्त्राच्या प्रबंधात उच्चारचिन्हं हवीतच असं नाही. साधं रोमन लिहा, फक्त शेवटपर्यंत तेच ठेवा. शीर्षकानंतर चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यायचा, हा एपीएचा नियम चांगला आहे आणि तो पाळावा. लेखकाचं नाव मात्र तो लेखक स्वतः जसं लिहीत असे तसंच, लिप्यंतराच्या नियमाने नाही.

आडनावांचाही एक प्रश्न आहे. मराठी-गुजराती नावं सोपी, आडनाव शेवटी. पण इथला समाजशास्त्र विभाग १९५१मध्ये सुरू करणारे एम. एन. श्रीनिवास यांचं पूर्ण नाव म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास, म्हणजे गाव, वडिलांचं नाव आणि स्वतःचं नाव. यात आडनाव कुठेच नाही. तरी जगभर ते ‘श्रीनिवास’खालीच लावतात, तुम्हीही तसंच लावा. सयाजीराव महाराजांची भाषणं कुठे लावायची, ‘स’खाली की ‘ग’खाली, हे एकदा ठरवा. मी ‘गायकवाड’खाली लावतो आणि ‘सयाजीराव’पाशी ‘पाहा’ असा निर्देश देतो.

गावाचं नाव जसं छापलं आहे तसं. १९७४ला अधिकृत नाव वडोदरा झालं, म्हणून १९२०च्या पुस्तकाचं प्रकाशनस्थळ वडोदरा होत नाही. आता एपीएच्या सातव्या आणि शिकागोच्या अठराव्या आवृत्तीने पुस्तकाचं प्रकाशनस्थळ द्यायची सक्तीच काढून टाकली आहे. मोठ्या प्रकाशकांसाठी ते ठीक. पण संस्थानी काळातल्या मराठी पुस्तकाला बडोदे की मुंबई की पुणे हाच कधी कधी एकमेव धागा असतो. १९४७पूर्वीच्या भारतीय पुस्तकांना स्थळ आणि छापखाना दोन्ही द्या, आणि असं करतो आहोत हे नियमपत्रकात लिहा. नियम सांगून मोडला तर परीक्षक सहसा काही म्हणत नाहीत.

कालगणना हा खरा किचकट भाग. शके मराठी पुस्तकावर असतो : चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. गुजराती पुस्तकावर विक्रम संवत असतो, आणि गुजरातेत तो कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, पुढे आश्विन संपेपर्यंत ५६ वजा. उत्तर भारतात हाच संवत चैत्रात बदलतो, त्यामुळे इंटरनेटवरची तयार कोष्टकं आंधळेपणाने वापरू नका. महिना दिलेला नसेल तर दोन्ही वर्षं लिहा : संवत १९५० म्हणजे १८९३–९४. पेशवाईपर्यंत मागे जायची वेळ आली तर शुहूर सन भेटेल. तो मृगाला, म्हणजे मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला बदलतो. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारी ते मे ६०० मिळवायचे. पडताळा म्हणून पानिपत घ्या : शुहूर ११६१, जानेवारी, म्हणून १७६१. मूळ साल टिपेत तसंच ठेवून पुढे चौकटी कंसात इसवी सन द्या. रूपांतर तुमचं आहे, कागदावरचं नाही, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

संस्थानच्या वार्षिक प्रशासन अहवालांतही हाच सापळा आहे. बडोद्याचं अहवालाचं वर्ष ३१ जुलैला संपायचं आणि छपाई त्यानंतर. अमरेलीत १८९३ला सक्तीचं शिक्षण सुरू झालं आणि १९०६ला ते संस्थानभर गेलं, हे तुमच्या विषयाच्या मुळाशी आहे. तेव्हा १९०६–०७च्या शाळांचे आकडे नेमके कुठल्या बारा महिन्यांचे, हे टिपेत आलंच पाहिजे. कंसात छपाईचं वर्ष आणि शीर्षकात अहवालाचं वर्ष. खानेसुमारीच्या खंडाला लेखक म्हणून अधिकारी द्यायचा की ‘सेन्सस ऑफ इंडिया’? दोन्ही चालतं. मी अधिकाऱ्याचं नाव देतो, कारण त्या खंडांतली मतं अनेकदा त्या माणसाचीच असतात.

१९६२चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीचं मराठी उद्धृत करताना अनुस्वार काढू नका, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू नका. टंकलेखक ते ‘सुधारून’ देतात, म्हणून उतारे स्वतः तपासा.

मुलाखतींबद्दल एपीएचा एक नियम इथे सर्रास चुकीचा लावला जातो. ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून कंसात तारीख द्यायची आणि सूचीत घ्यायचं नाही, हा नियम एखाद्या तज्ज्ञाने पत्रातून वा फोनवर काही सांगितलं त्यासाठी आहे. तुम्ही संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती ही तुमची सामग्री आहे, त्यांना संदर्भच लागत नाही. त्या कशा, कुठे, किती घेतल्या हे संशोधनपद्धतीच्या प्रकरणात येतं आणि मजकुरात टोपणनाव किंवा क्रमांक. ज्यांनी स्वतःच्या नावाने बोलायला लेखी संमती दिली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. टोपणनाव दिलं की माणूस लपला असं मात्र समजू नका. बडोद्यातला मराठी समाज एवढा आटोपशीर आहे की ‘दांडिया बाजारात राहणाऱ्या, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका’ एवढं लिहिलं की रावपुऱ्यापासून वाडीपर्यंत सगळ्यांना कळतं कोण. वय दशकात सांगा, भाग गाळा, शाळेचं नाव नकोच. मूळ बोलणं कुठल्या भाषेत झालं आणि भाषांतर कुणी केलं, हे एकदा पद्धतीच्या प्रकरणात आणि अवघड जागी टिपेत.

जातिवाचक शब्दांचा विचारही पत्रकात हवा. संस्थानच्या कागदांत ‘अंत्यज शाळा’ येणारच. उद्धरणात तो शब्द तसाच राहतो, तुमच्या वाक्यात तो अवतरणात जातो, आणि पहिल्या वेळी टीप. मुलाखत देणारी व्यक्ती स्वतःला दलित म्हणत असेल तर तिच्याबाबतीत दलित, सरकारी आकडेवारीत अनुसूचित जाती. एपीएच्या सातव्या आवृत्तीत पूर्वग्रहमुक्त भाषेवर आख्खं प्रकरण आहे. त्यातली उदाहरणं बहुतेक अमेरिकन समाजातली आहेत, पण माणूस स्वतःला जे म्हणतो ते म्हणावं हे तत्त्व इथेही चालतं.

लांब उताऱ्यांची मर्यादा वेगवेगळी आहे : एपीएत ४० शब्दांपासून पुढे वेगळा परिच्छेद, शिकागोत साधारण १००पासून. याचा संबंध साम्य तपासणीशी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे सॉफ्टवेअरने बघण्याशी येतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, १० ते ४०मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून देणं, ४० ते ६०मध्ये सुधारलेला प्रबंध द्यायला वर्षभर बंदी, ६०च्या वर नोंदणीच रद्द. योग्य श्रेय देऊन केलेली उद्धरणं आणि संदर्भसूची यांतून वगळायची असतात. पण सॉफ्टवेअरला अवतरणचिन्ह ओळखता येतं, आत सरकवलेला परिच्छेद ओळखता येईलच असं नाही. अहवाल हातात आला की टक्क्यांकडे बघून घाबरण्याआधी कुठले उतारे मोजले गेले ते मार्गदर्शकांसोबत पाहा. मराठी पुस्तकातला परिच्छेद स्वतः इंग्रजीत करून श्रेयाविना घातला तर सॉफ्टवेअर बहुधा पकडणार नाही. मराठी वाचणारा परीक्षक पकडेल, आणि बडोद्याच्या विषयावर असाच परीक्षक येण्याची शक्यता जास्त.

‘इबिड’ किंवा ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच ठिकाणी’) वापरू नका. मसुद्यात परिच्छेद वर-खाली झाला की ते भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. शिकागोनेही सतराव्या आवृत्तीपासून त्याऐवजी लहान केलेला संदर्भ सुचवला आहे.

संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. मराठी-गुजराती नोंदीत ‘भाषा’ या रकान्यात मराठीसाठी ‘एमआर’ आणि गुजरातीसाठी ‘जीयू’ ही दोन अक्षरी चिन्हं रोमनमध्ये भरा, नाहीतर शिकागो किंवा एएसए निवडल्यावर ते तुमच्या मराठी शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजीसारखं मोठं करत सुटतं. मूळ प्रकाशनवर्ष ‘एक्स्ट्रा’ रकान्यात ओरिजिनल डेट म्हणून टाकलं की १९३६/१९७९ आपोआप येतं. दप्तरातल्या कागदांच्या नोंदी मात्र झोटेरोकडून नीट निघतील ही आशा सोडा. त्या वेगळ्या फाइलीत, हाताने, अभिलेखागारात बसल्या बसल्याच पूर्ण करा. फाइल क्रमांक राहिला म्हणून पुन्हा अर्ज करून तोच कागद मागवणं किती वेळखाऊ असतं, हे गेलात की कळेल.

हे पत्रक पहिल्या प्रकरणासोबत मार्गदर्शकांच्या हातात द्या आणि त्यावर त्यांचा होकार लेखी घ्या, ईमेल पुरे. परत आलेल्या लेखाचं म्हणाल तर झोटेरोत शैली बदलून पुस्तकं आणि लेख चुटकीसरशी त्या अंकासारखे होतील. तळटिपांतली अभिलेखीय साधनं कंसात आणायची असतील तर प्रत्येक साधनाला एक लघुसंज्ञा द्या, लेखाच्या शेवटी संज्ञांचा खुलासा जोडा, आणि पाठवण्यापूर्वी संपादकांना तसं चालेल का ते एका ओळीत विचारा.